न झालेला प्रवास मोजायचा कसा? वाहतूक विषमता आणि सामाजिक वगळणूक

आज माझ्या स्वतःच्या एका चुकीपासून सुरुवात करते. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना दुसऱ्याच्या यशापेक्षा दुसऱ्याची चूक जास्त उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

गेल्या वर्षी मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका पुनर्वसन वसाहतीत माझं फील्डवर्क चालू होतं. सात मजली इमारती, 225 चौरस फुटांची घरं, बंद पडलेली लिफ्ट. पाचव्या मजल्यावर एका मावशींच्या घरी मी टॅब घेऊन बसले होते. प्रश्न नेहमीचाच होता: काल दिवसभरात कुठे कुठे गेलात, कशाने गेलात, किती वेळ लागला, किती पैसे लागले?

"कुठंच नाही गं."

"आणि परवा?"

"परवा पण नाही. कुठं जाणार? कामं सगळी तिकडंच राहिली ना."

मी फॉर्ममध्ये भरलं: फेऱ्या 0, वेळ 0, खर्च 0. घरात सून होती, तीही घरीच. मुलगा वसाहतीतल्याच किराणा दुकानात कामाला, तो चालत जायचा. त्याचाही प्रवासखर्च 0. मावशींनी दिलेला चहा घेतला आणि मी पुढच्या दारावर गेले.

दोन महिन्यांनी विश्लेषणाला बसले. घराच्या उत्पन्नातला किती टक्के भाग प्रवासावर जातो, हा या विषयातला अगदी सरधोपट निर्देशक आहे. तो काढला आणि घरांना क्रम लावला. सगळ्यात कमी भार असलेल्या घरांत मावशींचं घर होतं. म्हणजे माझ्या तक्त्यानुसार वसाहतीतली सगळ्यात सुखी माणसं कोण, तर जी घराबाहेरच पडत नव्हती ती!

माझ्या गाइडनी त्या ओळीभोवती पेन्सिलीने गोल केला आणि एवढंच विचारलं, "हे शून्य म्हणजे गरज नाही, की जमत नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण माझ्या फॉर्मने ते विचारलंच नव्हतं.

आजचा लेख या शून्याबद्दल आहे. वाहतुकीची जवळपास सगळी आकडेवारी झालेल्या प्रवासाची असते. वगळणूक मात्र न झालेल्या प्रवासात असते. हा फरक पक्का झाला नाही तर हातात चांगला डेटा आणि चांगलं सॉफ्टवेअर असूनही निष्कर्ष उलटा येऊ शकतो. माझा आलाच होता.

आधी शब्द नीट लावून घेऊ

सोशल एक्स्क्लूजनला मराठीत बरेचदा 'सामाजिक बहिष्कार' म्हटलं जातं. मी ते टाळते. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार म्हणजे जातपंचायतीने वाळीत टाकणं, आणि त्याविरुद्ध 2016 चा स्वतंत्र कायदा आहे. तिथे बहिष्कार घालणारा कुणीतरी समोर असतो. आपल्या विषयात असं कुणी दार लावून घेतलेलं नसतं. शाळा आहे, दवाखाना आहे, काम आहे, फक्त तिथपर्यंत पोहोचता येत नाही. म्हणून मी 'सामाजिक वगळणूक' हा शब्द वापरते.

दुसरी जोडी: वाहतूक विषमता आणि वाहतुकीमुळे होणारी वगळणूक. या दोन गोष्टी एक नाहीत. विषमता म्हणजे कुणाला जास्त, कुणाला कमी. एका वॉर्डात दर पाच मिनिटांनी बस, दुसऱ्यात दर चाळीस मिनिटांनी. हा फरक म्हणजे विषमता. पण त्या दुसऱ्या वॉर्डातल्या माणसाकडे गाडी असेल, तर तो वगळला जात नाही. उलट बस दाराशी आहे, पण तिकिटाला पैसे नाहीत, असाही माणूस असतो.

कॅरन लुकास यांचा 2012 मधला 'ट्रान्सपोर्ट पॉलिसी' या नियतकालिकातला लेख या विषयातल्या प्रत्येकाने वाचायला हवा. त्यांची मांडणी थोडक्यात अशी. वाहतुकीच्या अडचणी एका बाजूला (गाडी नाही, बस नाही, भाडं जास्त, रस्ता असुरक्षित) आणि सामाजिक अडचणी दुसऱ्या बाजूला (कमी उत्पन्न, आजारपण, घर लांब, काम अनियमित). दोन्ही एकत्र आल्या की वाहतूक दारिद्र्य तयार होतं. त्यातून कामं, सेवा, नातीगोती आवाक्याबाहेर जातात, आणि त्यातून वगळणूक होते. ही साखळी लक्षात ठेवा, कारण परीक्षक तुम्हाला हमखास विचारणार की तुम्ही यातली नेमकी कोणती कडी मोजताय. मी पहिलीच कडी मोजत होते आणि बोलत होते शेवटच्या कडीबद्दल.

ही कल्पना आली कुठून

फेब्रुवारी 2003 मध्ये ब्रिटन सरकारच्या सोशल एक्स्क्लूजन युनिटने 'मेकिंग द कनेक्शन्स' नावाचा अहवाल काढला. त्याचं वेगळेपण म्हणजे त्यांनी झालेल्या फेऱ्यांवर न थांबता राहून गेलेल्या गोष्टी विचारल्या. एका वर्षात सुमारे 14 लाख लोकांनी प्रवासाच्या अडचणीमुळे वैद्यकीय मदत चुकवली, नाकारली किंवा मागितलीच नाही. काम शोधणाऱ्या दर पाचांपैकी दोघांनी सांगितलं की प्रवासाची सोय नसणं हा नोकरी मिळवण्यातला अडथळा आहे. यातली एकही गोष्ट तिकीटविक्रीच्या आकड्यात दिसली नसती.

मात्र तिकडची मोजपट्टी जशीच्या तशी इकडे आणू नका. ब्रिटनमधल्या अभ्यासांत 'घरात गाडी नाही' ही वंचिततेची मोठी खूण धरतात. मुंबईत गाडी नसणं हीच सर्वसाधारण गोष्ट आहे. ही खूण लावली तर शहरातली बहुसंख्य घरं वंचित ठरतील आणि मग त्या मोजपट्टीने काहीच वेगळं करून दाखवता येणार नाही. आपल्याकडे प्रश्न गाडी आहे का हा नसून बसच्या पलीकडे पर्याय उरतो का, आणि बसही परवडते का, असा आहे.

आपला डेटा कुठे गप्प बसतो

2011 च्या जनगणनेत कामावर जाण्याचं अंतर आणि साधन विचारलं होतं. संशोधनासाठी हा फार मोलाचा डेटा आहे. पण तो वापरण्याआधी तक्त्याचं शीर्षक नीट वाचा. हा तक्ता फक्त 'इतर कामगारां'चा आहे. म्हणजे शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले कामगार सोडून बाकीचे. देशभरात असे सुमारे 20 कोटी लोक. त्यांतल्या साधारण 30 टक्क्यांनी 'प्रवास नाही' असं सांगितलं आणि साधारण 23 टक्के लोक चालत जाणारे होते.

आता त्या तक्त्यात कोण नाही ते बघा. काम सुटलेली बाई नाही, कारण ती कामगार म्हणून मोजलीच जात नाही. चार घरची धुणीभांडी करणारी बाई आहे, पण तिचा प्रवास एकाच फेरीचा धरला जातो. पहिल्या घरून दुसऱ्या, दुसऱ्या घरून तिसऱ्या घरी जाणं कुठेच नोंदलं जात नाही. कॉलेज, दवाखाना, रेशनचं दुकान, माहेर, यातलं काहीच नाही. आणि 'प्रवास नाही' या एका रकान्यात अगदी वेगवेगळ्या परिस्थितीतली माणसं शेजारी शेजारी बसतात.

दुसरं उदाहरण मुंबईचंच. 2004 मध्ये जागतिक बँकेच्या संशोधकांनी मुंबईतल्या सुमारे 5,000 घरांचं सर्वेक्षण केलं. त्यावरचा बेकर, बसू, क्रॉपर, लाल आणि ताकेउची यांचा पेपर 2005 मध्ये आला. कामावर जाणाऱ्यांपैकी 44 टक्के लोक चालत जात होते. गरीब गटात हे प्रमाण 63 टक्के होतं.

हा 63 टक्क्यांचा आकडा मी एका सेमिनारमध्ये दाखवला तेव्हा एकाने विचारलं, "म्हणजे गरीब लोक कामाजवळ राहतात. ही तर चांगलीच गोष्ट ना?" प्रश्न अगदी रास्त आहे. चालत जाण्याचे दोन अर्थ होतात. एक, काम जवळ आहे म्हणून चालतो. दोन, चालत जाता येईल तेवढंच काम धरतो. पहिल्यात सोय आहे, दुसऱ्यात कुंपण. दोघांचं अंतर एकच, साधन एकच, खर्चही एकच म्हणजे शून्य. आकडा तुम्हाला हा फरक सांगणार नाही.

वगळणूक किती वाटांनी येते

चर्च, फ्रॉस्ट आणि सलिव्हन या तिघांनी 2000 मध्ये लंडनच्या संदर्भात सात प्रकार सांगितले. नेटच्या परीक्षेसाठी ही यादी पाठ करतात. मी ती आपल्या शहरात उतरवून बघते.

1. शारीरिक: बसची पायरी उंच, फलाट आणि लोकल यांच्यातली फट, पादचारी पुलाचे जिने. गुडघे दुखणाऱ्या आजीला स्टेशन समोर असून नसल्यासारखं.

2. भौगोलिक: वसाहतच अशा जागी की मुख्य रस्ता अर्धा तास चालल्यावर लागतो.

3. सुविधांची: शाळा, हॉस्पिटल, बाजार जिथे आहेत तिथून घर लांब.

4. आर्थिक: भाडं परवडत नाही, किंवा पास स्वस्त असला तरी त्याचे पैसे एकरकमी निघत नाहीत.

5. वेळेची: घरकाम, मुलं, पाणी, आजारी माणूस यांतून प्रवासाला वेळच उरत नाही.

6. भीतीची: अंधारी गल्ली, गर्दीतला त्रास, रात्रीचा रिकामा डबा.

7. जागेची: काही ठिकाणी तुमचं असणंच खपवून घेतलं जात नाही. हाउसिंग सोसायटीच्या गेटवर कामवाल्या बायकांची झडती, त्यांच्यासाठी वेगळी लिफ्ट.

यादी सोपी आहे. अवघड आहे ते एका माणसाच्या बाबतीत नेमका कोणता प्रकार आधी लागू झाला हे सांगणं. त्यासाठी मी मावशींकडे परत गेले.

त्या 2022 मध्ये या वसाहतीत आल्या. आधीच्या वस्तीपासून दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर चार घरची कामं होती, मिळून महिन्याला 6,000 रुपये. इथून त्या घरांपर्यंत दोन बस, दोन्ही टप्पे 5 किलोमीटरच्या आतले. मी मनात उत्तर ठरवूनच गेले होते की भाड्यामुळे काम सुटलं असणार. पण हिशेब करून बघा. तेव्हा बेस्टचं किमान भाडं 5 रुपये होतं. जाऊन-येऊन चार तिकिटं, दिवसाला 20 रुपये, 26 दिवसांचे 520. सहा हजारांतून 520 गेले तर टोचतात, पण काम सोडायला लावत नाहीत.

"मग सुटलं कशानं?"

"पाण्यानं," मावशी म्हणाल्या.

इमारतीत पाणी सकाळी साडेसहाला यायचं आणि साडेसातला जायचं. ते भरल्याशिवाय निघता येत नव्हतं. पहिल्या घरच्या बाईंना ऑफिसला जायचं, त्यांना मावशी आठच्या आत हव्यात. दोन बस बदलून पोहोचायला सव्वानऊ. पहिलं घर पंधरा दिवसांत सुटलं, दुसरं महिन्यात. चौथं सुटलं ते एका पावसाळ्यात सलग तीन दिवस बस न मिळाल्यामुळे.

टॉर्स्टन हेगरस्ट्रँड या स्वीडिश भूगोलतज्ज्ञाने 1970 मध्ये मांडलेल्या काल-भूगोलात याला नाव आहे. अमुक वेळी अमुक ठिकाणी असणं भाग पडतं, म्हणून बाकीच्या वेळेचा आणि जागेचा आवाका आक्रसतो. नळाची वेळ हा माझ्या अभ्यासात वाहतुकीचा चल होईल असं मला एम.एस्सी. करताना कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

आणि आता? मे 2025 मध्ये किमान भाडं 5 वरून 10 रुपये झालं. एखाद्या घरचं 1,500 रुपयांचं काम परत धरायचं म्हटलं तर त्यातले 1,040 बसला जातात. म्हणजे काम सुटलं वेळेमुळे, आणि परत मिळवता येत नाही ते भाड्यामुळे. मी फक्त आजची स्थिती विचारली असती तर 'आर्थिक' या रकान्यात टिकमार्क करून मोकळी झाले असते. मग धोरणाची शिफारस काय केली असती? भाडं कमी करा. तेवढ्याने मावशींना साडेसातच्या आत निघता आलं नसतं.

पोहोच मोजताना

या विषयात दोन शब्दांची नेहमी गल्लत होते: गतिशीलता आणि पोहोच. किती हिंडता ही गतिशीलता. कुठे पोहोचू शकता ही पोहोच, ज्याला पुस्तकांत सुगम्यता म्हणतात. रोज दोन तास लोकलला लोंबकळणाऱ्याची गतिशीलता भरपूर असते, पण पोहोच कमी असू शकते. वॉल्टर हॅन्सन यांनी 1959 मध्ये दिलेलं सूत्र आजही पाया मानलं जातं. प्रत्येक ठिकाणच्या संधी घ्या, तिथे पोहोचायला जितकं जड जातं तितकं त्यांचं वजन कमी करा, आणि सगळ्यांची बेरीज करा. त्याचंच सोपं रूप म्हणजे ठरावीक वेळेत किती संधी गाठता येतात ते मोजणं.

याचा एक गुण आपल्या कामाचा आहे. पोहोच ही शक्यता आहे. कुणी प्रवास केला की नाही यावर ती अवलंबून नाही. म्हणून न झालेल्या प्रवासाकडे जाण्याची ही पहिली वाट. पण अटी नीट घातल्या नाहीत तर तीही फसवते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यापुरते आहेत.

समजा एका वसाहतीतून सार्वजनिक वाहतुकीने 60 मिनिटांत 1,00,000 नोकऱ्या गाठता येतात. नकाशावर वसाहत हिरवीगार दिसते. आता दुसरी अट घाला: एका वेळचं भाडं 20 रुपयांच्या आत. मेट्रोचे लांबचे टप्पे गळाले, एसी लोकल गळाली. उरल्या 40,000. तिसरी अट: सकाळी साडेसातच्या आधी निघायचं नाही, दुपारी दीडपर्यंत मुलं शाळेतून येण्याआधी परत. पूर्णवेळ नोकऱ्या गेल्या. उरल्या 9,000. चौथी अट: शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा त्यात बसणारंच काम. उरली 2,500. वसाहत तीच, बस तीच. एक लाखापासून अडीच हजारापर्यंत आपण फक्त 'कुणासाठी?' हा प्रश्न विचारत आलो.

हे करायला जीटीएफएस स्वरूपातलं वेळापत्रक, ओपनस्ट्रीटमॅपचे रस्ते आणि क्यूजीआयएस किंवा आर पुरतं. पण एक सावधगिरी बाळगा. वेळापत्रकाच्या फाइलमध्ये शेअर रिक्षा नसते, आणि कित्येक वस्त्यांचा स्टेशनपर्यंतचा प्रवास तिच्यावरच चालतो. आणि वेळापत्रकातली बस रस्त्यावर येतेच असं नाही. थांब्यावर उभं राहून एक आठवडा तरी स्वतः नोंद करा. ऊन लागतं, पण डेटा खरा मिळतो.

वितरण दाखवायला लॉरेन्झ वक्र आणि जिनी गुणांक वापरतात. डेल्बॉस्क आणि करी यांनी 2011 मध्ये मेलबर्नसाठी ते केलं. तिथल्या 70 टक्के लोकसंख्येच्या वाट्याला सार्वजनिक वाहतुकीचा फक्त 19 टक्के पुरवठा येत होता. चित्र लगेच पटतं. पण जिनी गरज ओळखत नाही. तीन गाड्या असलेलं घर आणि एकही गाडी नसलेलं घर त्याला सारखंच. सगळ्यांना समान आणि गरजेनुसार जास्त-कमी, हे न्यायाचे दोन वेगळे अर्थ आहेत. तुमचा कोणता, ते प्रस्तावातच लिहा.

न झालेला प्रवास पकडण्याच्या तीन वाटा

पहिली वाट, सरळ विचारणं. फक्त प्रश्न बदलावा लागतो. "काल कुठे गेलात?" यानंतर मी आता असं विचारते: "गेल्या महिन्यात कुठे जायचं होतं पण जाणं झालं नाही, असं काही झालं का?" मग ठिकाण, मग कारण, मग "त्याऐवजी काय केलं?" हा शेवटचा प्रश्न सोडू नका. "सरकारी दवाखान्यात जायचं होतं, गेले नाही, खालच्या मेडिकलमधून गोळी आणली." या एका वाक्यात किंमत कुणी मोजली ते कळतं. मात्र या पद्धतीची मर्यादाही मोठी आहे. माणूस इच्छा सुद्धा आवाक्याप्रमाणे बेतून घेतो. ज्या मुलीने बारावीनंतर लांबच्या कॉलेजचा विचारच केला नाही, ती "कुठे जायचं राहिलं?" या प्रश्नाला "कुठेच नाही" म्हणेल, आणि खरं बोलेल.

म्हणून दुसरी वाट, निवडीकडे बघणं. गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. एकाच प्रकारचे गुण असलेले मुलगे आणि मुली कोणतं कॉलेज निवडतात आणि तिथे जायचा रस्ता किती सुरक्षित आहे, हे त्यांनी जोडून बघितलं. मुली सुरक्षित वाटणाऱ्या रस्त्यासाठी कमी दर्जाचं कॉलेज पत्करत होत्या आणि प्रवासावर जास्त खर्चही करत होत्या. इथे कुणाचा प्रवास बंद पडलेला नाही. सगळ्या मुली रोज कॉलेजला जातायत. वगळणूक आहे ती न निवडलेल्या कॉलेजात. हे तिकिटांच्या डेटातून कधी दिसलं असतं?

तिसरी वाट, बदलाच्या आधी आणि नंतर. याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण अहमदाबादचं आहे. 1987 मध्ये तिथे वस्तीतल्या बायकांसाठी शहराबाहेरच्या चांगल्या घरांची सोडत निघाली. कुणाला घर लागलं, कुणाला नाही, हे नशिबावर ठरलं. संशोधनाच्या भाषेत आयता प्रयोग! बार्नहार्ट, फील्ड आणि पांडे यांनी चौदा वर्षांनंतर दोन्ही गटांची तुलना केली. पेपर 2017 मध्ये आला. घर लागलेल्यांची घरं चांगली होती, पण कुटुंबाच्या उत्पन्नात किंवा मुलांच्या स्थितीत फरक पडला नव्हता. नातेवाईक आणि जातभाई तुटले होते, अडीअडचणीला मिळणारा हातउसना आधार कमी झाला होता. 34 टक्के जणी त्या घरात राहायला गेल्याच नाहीत आणि 32 टक्के नंतर सोडून गेल्या. चांगलं घर नाकारणारी माणसं अडाणी नव्हती. अंतराची किंमत त्यांना ठाऊक होती.

तुमच्यापैकी कुणी विषय शोधत असेल तर असे बदल आपल्या आसपास भरपूर आहेत. बेस्टचं किमान भाडं जुलै 2019 मध्ये 8 वरून 5 झालं आणि मे 2025 मध्ये 5 वरून 10. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, पण शहर बसला ते लागू नाही. कर्नाटकात जून 2023 पासून महिलांना शहर बसही मोफत आहे. तुलनेला जागाच जागा आहे. फक्त 2019 नंतरच्या मुंबईत भाड्यासोबत कोविड, नव्या मेट्रो आणि बसची घटती संख्या एकत्र आल्या. त्या वेगळ्या कशा करणार, हे आधी ठरवा.

प्रस्ताव लिहिणाऱ्यांसाठी तीन सूचना

एक. डेटात 0 आणि 'लागू नाही' आणि 'जमलं नाही' यांना तीन वेगळे कोड द्या. सरासरी काढायच्या आधी शून्यवाल्या ओळी हाताने वाचा. माझी चूक पाच मिनिटांत सापडली असती.

दोन. वेळेची किंमत मजुरीच्या दराने काढताना थांबा. प्रकल्पाच्या लाभ-खर्च हिशेबात ही सर्रास पद्धत आहे. तिने तासाला 40 रुपये मिळवणाऱ्या बाईचे वाचलेले दहा मिनिट तासाला 800 मिळवणाऱ्याच्या दहा मिनिटांच्या वीसपट स्वस्त ठरतात. मग पुढचा पूल कुणासाठी बांधला जाईल ते सूत्रातच ठरून जातं.

तीन. सर्वेक्षण किती वाजता करताय ते लिहा. सकाळी अकराला दार उघडणारी माणसं म्हणजे घरात असलेली माणसं. रविवारी आणि रात्री आठनंतर गेलात तर वेगळंच शहर भेटतं.

माझा फॉर्म आता चौदा पानांवरून अकरावर आला आहे, पण त्यात 'न झालेला प्रवास' असं एक पान वाढलं. 212 घरांकडे ते पान घेऊन मला पुन्हा जावं लागलं, त्यात चार महिने गेले आणि सबमिशन पुढे ढकललं. मावशींच्या ओळीतलं शून्य अजून शून्यच आहे. त्यांच्यासमोर आता तीन नोंदी आहेत: चार घरची कामं, मधुमेहाची दर महिन्याची तपासणी, आणि जुन्या वस्तीतल्या बहिणीकडे जाणं. तिसरी नोंद मी विचारली नव्हती. फॉर्म बंद करताना त्यांनीच सांगितली.

पुढच्या वेळी तुमच्या हातात वाहतुकीचा कुठलाही तक्ता आला की एक करून बघा. त्यात कोण आहे ते वाचण्याआधी कोण असू शकत नाही याची यादी कागदावर लिहा. ती यादी मला कळवलीत तर आवडेल.